पनवेल बेस, उजवी सीट

जूनमधला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेनऊ. पाच वर्षांपूर्वीचा.

हजर: बाबा. माझी भावजय निशा. तिच्या कडेवर तनू, तेव्हा जेमतेम एक वर्षाची. शेजारच्या गुलाबआत्या, कुणीही कुठेही निघालं तरी त्या हजर असतातच. आणि टॅक्सीवाला, ज्याला घाई होती.

गैरहजर: धाकटा भाऊ संतोष, ओमानमधल्या बंदरात क्रेनवर ड्यूटी. आणि आई, जी त्याच्या आदल्या वर्षी गेली.

हजेरी मांडायची सवय धंद्यातली आहे. उड्डाणाआधी कोण कोण आहे, कोण कशासाठी आहे, हे आम्ही मोठ्यानं म्हणून घेतो. त्या सकाळी मी ते मनात म्हटलं, कारण मोठ्यानं म्हटलं असतं तर आवाज फुटला असता आणि गुलाबआत्यांना रडायला निमित्त मिळालं असतं. त्यांना तसंही निमित्त लागत नाही. "एवरी शिकली, एवरी इमानात उरली, आनि आता कुटं चालली तर आसामात," असं त्या निशाला सांगत होत्या, जणू मी तिथे नव्हतेच.

मी गुवाहाटीला निघाले होते. वय एक्केचाळीस, एके काळची कॅप्टन, आता दुसऱ्या कंपनीत को-पायलट म्हणून पुन्हा पहिल्यापासून. बाबा नुकतेच खाडीवरून आले होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं काळे. माझा शर्ट पांढरा होता म्हणून ते जवळ आले नाहीत. लांबूनच त्यांनी निशाच्या हातात पिशवी दिली, निशानं ती मला दिली. सुकी मासळी: जवळा आणि वाकट्या. मग ते म्हणाले, "पोचलीस का सांग." आणि नळावर पाय धुवायला गेले.

माझ्यासारखे पुष्कळ जण पनवेलहून गेले. कुणी आखातात, कुणी पुण्याला, कुणी जहाजावर. त्यातल्या बऱ्याच जणांनी मला विचारलंय की पायलटला काय फरक पडतो, तुम्हाला तर विमान फुकट. त्यांच्यासाठी आधी थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या धंद्यात प्रत्येकाला एक नंबर असतो. कंपनीत ज्या दिवशी तुम्ही रुजू झालात, त्यावरून तो ठरतो. तुम्ही विमान किती छान उतरवता, किती वर्षं उडता, याचा त्याच्याशी संबंध नाही. कोणत्या शहरात राहायचं, म्हणजे बेस. कोणत्या दिवशी सुट्टी. गणपतीला घरी कोण, पहाटेच्या धुक्यात कोण. सगळं त्या नंबरावर. वरचा आधी निवडतो, खालच्याला उरलेलं मिळतं. आणि हा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. माझी आधीची कंपनी एका संध्याकाळी बंद पडली, तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले की विद्याची नोकरी गेली. नोकरी नंतर मिळते. गेला तो नंबर. पंधरा वर्षं मुंबई बेसवर होते, ड्यूटी संपली की पनवेलला घरी येऊन जेवत होते. नव्या कंपनीत माझ्या खाली फक्त माझ्यानंतर आठवड्यानं आलेली पोरं होती.

बाबांना हे मी समजावून सांगायला गेले तेव्हा त्यांना ते आधीच माहीत होतं. ते मिठागरात वाढले. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत घेतात, ते आधी जुन्या माणसांच्या वाफ्यात जातं आणि नवा माणूस नेहमी टोकाला असतो. "शेवटच्या वाफ्याला पन मीठ धरतं," ते म्हणाले, "उशिरा धरतं, येवरंच." ऐकायला बरं वाटलं. पण मिठाचं वय वाढत नाही. बाबा तेव्हाच सत्तरीच्या पुढे होते.

गुवाहाटीत मी विमानतळाजवळ बोरझारला एक खोली घेतली. मालकीण हजारिका बाइदेउ. बाइदेउ म्हणजे ताई. वाकट्यांचा वास आला तेव्हा मी घाबरून खिडक्या उघडल्या, की आता या बाई मला बाहेर काढणार. त्या जिना चढून वर आल्या, पिशवीत डोकावल्या आणि अर्ध्या वाकट्या घेऊन गेल्या. पहिल्या आठवड्यात माझी एवढीच ओळख झाली तिथे.

बाकी सगळी भीतीच होती. हे मी अतिशयोक्तीनं लिहीत नाही. विमानाची भीती नव्हती. छोटं दोन पंख्यांचं विमान, डोंगरातल्या छोट्या धावपट्ट्या, ढग, ते सगळं कामाचा भाग आहे आणि त्यावर काय करायचं ते लिहिलेलं असतं. ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं त्याची भीती होती. रोस्टर, म्हणजे महिन्याच्या ड्यूट्यांचा तक्ता, आला की मी आधी सुट्ट्या मोजायचे, कारण खालच्या नंबराला सुट्ट्या सुट्या सुट्या मिळतात. आज एक, मग पाच दिवसांनी एक. एका दिवसात पनवेलला जाऊन परत येता येत नाही. विमानात जागा रिकामी राहिली तर आम्हाला बसू देतात, पण रिकामी राहिली तरच. दोनदा मी मुंबईपर्यंत पोचून, बाबांना न भेटता, उलट विमानानं परतले, कारण संध्याकाळचं विमान भरलेलं दिसत होतं आणि सकाळी ड्यूटी होती. विमानतळावरून फोन करून मी सांगितलं होतं की इथूनच बोलतेय. बाबा म्हणाले, "मंग ये की."

दोन वर्षांत कंपनीनं आणखी विमानं घेतली आणि माझी पुन्हा कॅप्टन म्हणून परीक्षा झाली. कॅप्टनची डावी सीट मिळाली. बेस तोच. नंबर कॅप्टनांच्या यादीत शेवटून दुसरा.

आता मेसेजच्या नियमाबद्दल.

आमचे फोन उड्डाणात बंद असतात. मधल्या थांब्यावर, प्रवासी उतरतात-चढतात तेवढ्यात, मिनिटभर सुरू करता येतात, आणि पूर्वेकडच्या छोट्या विमानतळांवर नेटवर्क एकदा येतं आणि जातं. स्क्रीनवर मेसेजचे पहिले चार शब्द दिसतात. एकदा असे चार शब्द दिसले: "ताई, बाबांना सकाळी दवाखान्यात". पुढचं उघडेना. परतीचं उड्डाण मी कसं केलं ते मला आठवतं, कारण हाताला इतका घाम आला होता की मी तीनदा रुमाल काढला. उतरल्यावर वाचलं. बाबांना सकाळी दवाखान्यात नेऊन नवीन चष्म्याचा नंबर काढून आणला होता.

मग मी नियम केला, कारण मला नियम करता येतात. घरून येणारा प्रत्येक मेसेज "सगळं ठीक" या शब्दांनी सुरू करायचा, मग बाकी. काही बिघडलं असेल तर मेसेज करायचाच नाही. बेसच्या ऑफिसला फोन करायचा, ते मला शोधतील. कागदावर ठळक लिहून तो फ्रिजवर चिकटवला. निशानं नियम इतका मनापासून पाळला की तिच्यासाठी ते नमस्कारासारखं झालं. "सगळं ठीक. गॅस आला." "सगळं ठीक. तनूला दाढ आली." "सगळं ठीक. गुलाबआत्या पडल्या, पण उठल्या." मला हसू यायचं आणि जीव भांड्यात पडायचा. दोन-तीन वर्षं हे सुरळीत चाललं.

गेल्या जानेवारीतली अमावास्या. आसामातल्या लीलाबारीच्या विमानतळावर उभी होते, ऊन पडलेलं होतं, ब्रह्मपुत्रेवरचं धुकं नुकतंच उठलं होतं आणि दिवस चांगला चालला होता. फोन सुरू केला. स्क्रीनवर आलं: "सगळं ठीक. बाबा खाडीत". मला वाटलं चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, मोठे मिळाले असणार, अमावास्येला मिळतात. फोन बंद केला. परत येताना माझ्या शेजारच्या तरुण को-पायलट मुलीनं विमान फार सुंदर उतरवलं आणि मी तिला तसं सांगितलं. आम्ही हसत खाली उतरलो.

पूर्ण मेसेज असा होता: "सगळं ठीक. बाबा खाडीत रुतलेत पाणी चढतंय ताई कॉल करा".

त्याखाली नुसते मिस्ड कॉल. मग एक मेसेज, ज्यात "सगळं ठीक" नव्हतं: "काढलं बाबांना. जवळच्याच दवाखान्यात. श्वास चालू."

घडलं ते असं. बाबा ओहोटीला तिवरांच्या पलीकडे गेले होते. चिंबोरी बिळात असते, ती लोखंडी आकडीनं ओढून काढायची, आणि एकामागून एक बीळ करत माणूस पुढे पुढे जातो. पनवेलच्या नव्या विमानतळाच्या भरावानंतर पाण्याच्या वाटा बदलल्यात. पूर्वी जिथे कडक जमीन होती तिथे आता पातळ गाळ आहे. बाबांचे पाय जुन्या नकाशावर चालत होते. कमरेपर्यंत रुतले. अमावास्येचं उधाण. पाणी छातीशी आलं तेव्हा कोळीवाड्यातले दोघे भाऊ होडीतून परतत होते, त्यांनी फळी टाकली, बाबांना तिच्यावर पोटावर झोपवलं आणि ओढलं. आकडी आत राहिली. बाबांना तिचं जास्त वाईट वाटलं.

निशा फोनवर रडत होती. "ताई, मला ऑफिसला फोन करायचा होता. मी पळता पळता टाइप केलं आणि हातानं आपोआप ते आधी लिहिलं. मी बघितलंच नाही." मी तिला म्हटलं की तुझी काही चूक नाही, आणि ते खरं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात असं घडलंच नसतं. दुसऱ्या घरात "बाबा रुतले" असंच लिहिलं असतं.

आमच्या बेसचे प्रमुख कॅप्टन बोरा, निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, दोन दिवस सुट्टीवर घातलं आणि मुंबईच्या विमानात माझ्यासाठी जागा शोधली. मग म्हणाले की एका अर्थानं बरंच झालं तू वाचलं नाहीस. वाचलं असतंस तर तुला उडता आलं नसतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच, पण साठ माणसं लीलाबारीत रात्रभर बसली असती. ते मला धीर द्यायला बोलत होते. मला मात्र त्या क्षणापासून वेगळीच भीती बसली. वाचलं असतं तर मी "मी उडण्याच्या स्थितीत नाही" असं म्हटलं असतं की फोन खिशात घालून उडाले असते? प्रत्येक ड्यूटीआधी आम्ही आम्हालाच विचारतो: झोप झाली का, ताण आहे का, मन जागेवर आहे का. त्याखाली सही करतो. मी हजारो वेळा केलीय.

पनवेलला पोचले तेव्हा बाबा अंगणात बसले होते, अंगावर ओरखडे, आवाज बसलेला. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. तेच म्हणाले, "पाय रुतला व्हता. मानूस रुततो. जेवलीस का?"

त्याच मुक्कामात निशानं सांगितलं की तिचा आणि तनूचा व्हिसा झालाय. संतोषला कंपनीनं घर दिलं होतं. तनूची शाळा सुरू व्हायच्या आत त्यांना जायचं होतं. ती हे फ्रिजकडे तोंड करून बोलली. मी म्हटलं की अगं, चांगली बातमी आहे, अशी काय सांगतेस. आणि ती चांगलीच बातमी होती. निशानं लग्नानंतरची बहुतेक वर्षं नवऱ्याशिवाय, माझ्या बापाच्या भाकऱ्या करत काढली. तिचा नंबर माझ्या आधीचा होता.

म्हणजे प्रश्न सरळ झाला. पावसाळ्याआधी निशा जाणार. त्यानंतर घरात बाबा एकटे, दाराबाहेर खाडी, आणि मी ब्रह्मपुत्रेच्या काठी. गुलाबआत्यांनी लक्ष ठेवायचं कबूल केलं, पण त्यांना स्वतःलाच उठवावं लागतं.

आणि मग ज्याची आम्ही सगळे वाट बघत होतो ते झालं. कंपनीनं पनवेलच्या नव्या विमानतळावर बेस उघडायचा ठरवलं आणि अर्ज मागवले.

आमचं जुनं गाव त्या विमानतळाच्या भिंतीच्या आत होतं; ते उठवून आम्हाला जवळच्या वसाहतीत आणलं. आमचं घर होतं तिथे आता धावपट्टीची कड आहे की विमान वळायची जागा, यावर बाबांचं आणि माझं एकमत नाही. ते चिंचेवरून मोजतात, मी नकाशावरून, आणि चिंच उरलेली नाही. मी वैमानिक, आणि जिथे जन्मले तिथेच बेस. गुवाहाटीतली पोरं मला चिडवायची, "मॅम, आपके आँगन में पार्किंग कितने की है?" सगळ्यांना वाटत होतं की मला तो बेस मिळणार. नियम माहीत असलेल्यांनाही वाटत होतं.

कॅप्टनांच्या जागा थोड्या होत्या. त्या वरच्या नंबरांनी घेतल्या. एकाला मुंबईत फ्लॅट होता, एकाची बायको खारघरला नोकरीला होती, एकाला फक्त समुद्र आवडत होता. कुणाचंही कारण खोटं नव्हतं आणि कुणालाही कारण विचारलेलंही नव्हतं. वरच्या माणसाला "तू सोड ना" असं म्हणायचं नाही, हा आमच्यातला न लिहिलेला कायदा. मी म्हटलं नाही. माझं नाव प्रतीक्षा यादीत लागलं, आणि प्रतीक्षा म्हणजे कुणीतरी निवृत्त होईपर्यंत किंवा कंटाळेपर्यंत.

फॉर्मच्या खाली एक ओळ होती, जी कुणी वाचत नाही. कॅप्टनला को-पायलट म्हणून बेस मागता येतो. म्हणजे डावी सीट सोडून उजवी घ्यायची. कॅप्टनांत मी शेपटीला होते, को-पायलटांच्या यादीत तोच नंबर घेऊन मी पार डोक्यावर जात होते. मागितलं असतं तर मिळणारच होतं. अट एवढीच, की एकदा उतरलं की दोन वर्षं वर जाण्याचा अर्ज करता येत नाही, आणि त्यानंतर सगळी परीक्षा पुन्हा. तिसऱ्यांदा. पन्नाशीच्या तोंडावर.

मी दोन्ही बाजूंची यादी केली, जशी मी बूट घ्यायचे असले तरी करते. एका बाजूला पुष्कळ मुद्दे आले. दुसऱ्या बाजूला एकच आला. मी कागद बघत बसले आणि मला कळलं की मी खरोखर घाबरले आहे, आणि दोन्हीकडून घाबरले आहे: डावी सीट पुन्हा कधीच मिळणार नाही याचीही भीती, आणि मिळत राहील, एक दिवस तिथेच बसलेली असताना फोन येईल, याचीही.

कॅप्टन बोरांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. "विद्या," ते म्हणाले, "लोग ऊपर जाने के लिए मेरे पास रोते हैं. तुम नीचे जाने का काग़ज़ लाई हो." मी म्हटलं, सही करा. त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही मी तोच फॉर्म नेला. हजारिका बाइदेउंनी मला बांबूच्या कोंबाचं लोणचं बांधून दिलं आणि वाकट्या पाठवत जा म्हणून बजावलं.

बाबांना मी प्रत्यक्ष सांगितलं. निशा सामान बांधत होती. त्यांना सीटचं कळायला वेळ लागला.

"म्हंजी तुला खाली आनलं?"

"कुणी आणलं नाही. मी मागून घेतलं."

"इमान तेच ना?"

"तेच."

त्यांनी तळपायाला चिकटलेला चिखल नखानं काढला. मग म्हणाले, "माज्यासाटी आलीस तर येरी हायस, डोकं नाय तुला. मी खाडी सोडनार नाय, ते आताच सांगतो. मागून बोलू नको, बाबांनी सांगितलं नाय म्हनून."

मी म्हटलं, बरं.

निशा आणि तनू मे महिन्यात गेल्या. टॅक्सीच्या काचेतून निशा मला पुन्हा पुन्हा सांगत होती की बाबांची रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, आधी नाही. निशा, तू हे वाचशील तेव्हा तुला कळावं म्हणून लिहिते: गोळी जेवणानंतरच देते. फ्रिजवरचा कागद काढून टाकला.

नव्या बेसवरचं माझं पहिलंच उड्डाण. डाव्या सीटवर ऋषभ, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, नंबरानं थोडा वर. दुसऱ्या बेसवरून तो गुवाहाटीत आला तेव्हा मी त्याला डोंगरातला वारा शिकवला होता. आता मी त्याला कॅप्टन म्हणत होते आणि तो मला मॅम. उतरताना म्हणाला, "मॅम, प्लीज, गिअर डाउन." चाकं खाली सोडायची आज्ञा प्लीज लावून देत नाहीत. खाली आल्यावर मी त्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "सॉरी मॅम." यावर उपाय नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळं. ते मी अजून संतोषलाही सांगितलेलं नाही.

त्याच सकाळी पनवेलला परतताना, आकाश स्वच्छ. विमान खाडीवरून खाली येत होतं आणि माझ्या बाजूच्या काचेत ती सगळी पसरली होती: तिवरांचा हिरवा पट्टा, पुढे चकाकणारा राखाडी चिखल, त्यातल्या पाण्याच्या बारीक फांद्या. ओहोटी होती. ओहोटी आहे हे मला घरातून निघतानाच माहीत होतं, कारण हल्ली मी हवामानाबरोबर भरतीची वेळही बघते. चिखलात एक पांढरा ठिपका होता. बगळा असेल. माणूस असेल. बनियन असेल. मी बघत राहिले. तो हलतो का, हे बघत राहिले.

उतरताना शेजारच्या वैमानिकानं ठरलेल्या उंचीला ठरलेला शब्द मोठ्यानं म्हणायचा असतो. दुसऱ्याचं भान त्यावर टिकलेलं असतं. तो शब्द मी उशिरा म्हटला. एक क्षण. ऋषभनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्यानं बघायचंही नसतं, पण त्याचा खांदा ताठ झालेला मला दिसला. विमान व्यवस्थित उतरलं. मागे बसलेल्यांना काही कळलं नाही. त्यातली निम्मी माणसं त्या वेळी बॅग काढायला उठायच्या तयारीत असतात.

इंजिनं बंद झाल्यावर मी त्याला खरं ते सांगितलं आणि स्वतःच त्याचा रिपोर्ट लिहिला. ऋषभ म्हणाला, "मॅम, इतनी छोटी बात." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "वो थे क्या?" मला माहीत नव्हतं. घरी गेले तर बाबा अंगणात चिंबोऱ्यांचे आकडे बांधत होते, म्हणजे नांग्या चिंधीनं आवळत होते, आणि अंगावर निळा सदरा होता. बगळाच असणार.

लांब असताना मला वाटायचं की भीती अंतराची आहे. अंतर मिटवलं की ती मिटेल. गुवाहाटीत ती निदान फोनमध्ये होती. फोन बंद केला की कॉकपिटबाहेर राहायची. पनवेलला ती माझ्याबरोबर आत येऊन बसली. आता मी स्वतःपुरता नियम केलाय: विमान खाली यायला लागलं की काच नाही, खाडी नाही, फक्त समोरचे आकडे. मी तो पाळते. तो पाळायला जेवढी ताकद लागते तेवढी मला डोंगरातल्या ढगात कधी लागली नव्हती, आणि ज्या कामाला इतकी ताकद लागते ते एक दिवस चुकतं, हेही मी इतरांना शिकवलेलं आहे.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी वसाहतीतला हा पत्ता देईन. भिंतीपलीकडचं जुनं घर मी शोधत नाही. जुन्या घरी परत यायचं म्हणून आलेली मी, ज्या माणसासाठी आले त्याला दिवसातून दोनदा भेटते, बाहेर पडताना आणि आल्यावर, आणि मधला वेळ आम्ही दोघंही बाहेर असतो, आपापल्या कामावर. परवा गुलाबआत्या म्हणाल्या, "आता बरा झाला, पोर घरान हाय." मी हो म्हटलं.

उपाय एकच आहे आणि तो मला माहीत आहे. बाबांना सांगायचं: खाडी बंद. तुमचं काय व्हायचं ते होईल, पण माझ्या मागे साठ माणसं बसलेली असतात आणि त्यांना तुमचा पांढरा ठिपका परवडणार नाही. हे मी कागदावर लिहून पाहिलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. पण आमच्या गावातून उडायला शिकायला निघालेली मी पहिली मुलगी, तेव्हा सगळी भावकी दारात उभी राहून नको म्हणत होती, आणि या माणसानं तो शब्द उच्चारला नव्हता. पडली तर, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा ते म्हणाले होते की ती बघंल.

आज गुरुवार. रिपोर्टिंग सकाळी आठला, चार उड्डाणं, ऋषभबरोबर. ओहोटी साडेनऊला. हजर: मी आणि बाबा. बाबांनी नवीन आकडी करून घेतलीय, ती ते दारात बसून दगडावर घासतायत. गाडी येऊन थांबली आहे, ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिलाय.

मी बूट घालून त्यांच्यासमोर उभी राहते. ते वर बघतात.

"कवा येशील?"

"दोनपर्यंत."

"मी त्याच्या आदी येतो," ते म्हणतात आणि पुन्हा आकडी घासायला लागतात.

सांगायचं राहिलं आहे.